शनिवारी रात्री वेळ कोण बदलणार?

पत्र: सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं छोटं चर्च आहे, ६०-६५ कुटुंबांचं. नाताळच्या आत वेबसाइट करायची असं कमिटीत ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. एका एजन्सीनं ३५,००० रुपये आणि पुढे दरवर्षी ९,००० सांगितले. भाचा म्हणतो, वर्डप्रेसच घे. पाळकसाहेब म्हणतात, फेसबुक पेज आहे की. खजिनदार म्हणतात, फुकटात होत असेल तर करा, नाहीतर राहू द्या. मला कॉम्प्युटर एमएस-सीआयटीपुरता येतो. स्वस्तातलं आणि मला झेपेल असं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? शिवाय आमच्यातली एक मुलगी अमेरिकेत असते, तिला वेबसाइटवरून दान पाठवायचं आहे. तशी सोय करता येईल का?

उत्तर: बाई, सलाम.

आधी उत्तर देतो, मग चऱ्हाट लावतो. गूगल साइट्स घ्या, म्हणजे गूगलचं वेबसाइट बांधायचं साधन. फुकट आहे, मध्येच कुणाची जाहिरात येत नाही, आणि एमएस-सीआयटीत तुम्ही जे वर्ड शिकलात त्याहून ते अवघड नाही. खर्च येईल तो फक्त स्वतःच्या नावाच्या पत्त्याचा, म्हणजे डोमेनचा. ‘डॉट इन’चा पत्ता घेतला तर वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर. खजिनदारांना आजच सांगून टाका, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

आता चऱ्हाट. वेबसाइट करायची म्हटलं की लोक आधी ती दिसते कशी ते बघतात. मी एकच विचारतो. शनिवारी रात्री नऊला पाळकसाहेबांचा फोन आला, ‘उद्या दुपारी लग्न आहे, उपासना साडेनऊऐवजी आठला घेऊ’, तर ती वेळ साइटवर कोण बदलणार, कशावरून बदलणार आणि किती मिनिटांत? ‘एजन्सीला मेल टाकू, सोमवारी ते करतील’ हे उत्तर असेल तर त्या रविवारी तुमची ३५ हजारांची साइट लोकांना चुकीची वेळ सांगत बसणार. त्यापेक्षा गेटवरचा फळा बरा, तो खडूनं पुसता तरी येतो.

भाचा म्हणतो ते वर्डप्रेस वाईट नाही. जगातल्या निम्म्याला थोड्या कमी वेबसाइट्स त्यावर चालतात आणि त्याचा कारभार मराठीतूनही करता येतो. पण त्या एका नावाच्या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या भाच्यानं त्यातली कोणती म्हटली ते विचारा. एक, वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीची सेवा. फुकटची घेतली तर ते आपल्या जाहिराती दाखवतात, आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे भरावे लागतात. दुसरं, वर्डप्रेस हे मोफत सॉफ्टवेअर. ते विकत घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, आपण बसवायचं, आणि मग अपडेट, बॅकअप, प्लगिन म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, सगळं आपल्या डोक्यावर. वर्षभर अपडेट केलं नाही की एका सकाळी साइट उघडावी आणि चर्चच्या नावाखाली भलत्याच गोळ्यांची विक्री चालू असावी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भाचा तुमच्या गावात राहत असेल आणि पुढची पाच वर्षं तिथंच राहणार असेल, तर त्याच्या भरवशावर वर्डप्रेस घ्या. पुण्यात नोकरीला असेल तर नको.

विक्स हेही साइट बांधायचंच साधन, दिसायला देखणं आहे, हातानं उचलून इकडचं तिकडे ठेवता येतं, पोरांना फार आवडतं. पण फुकट ठेवलं तर पत्ता लांबलचक आणि डोक्यावर त्यांची पट्टी. स्वतःचं डोमेन हवं तर दरमहा पैसे. आणि तिथं बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही, सोडायचं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. तसंच आणखी एक साधन स्क्वेअरस्पेस, त्याला फुकटचा प्लॅनच नाही, फक्त चाखून बघायला काही दिवस. खास चर्चसाठीची म्हणून जी अमेरिकन सॉफ्टवेअर तुम्हाला यूट्यूबवर दिसतील, ती डॉलरमध्ये वर्गणी घेतात. ६५ कुटुंबांच्या चर्चनं त्या वाटेला जाऊ नये.

गूगल साइट्समध्ये खोट आहेच. सजावटीचे प्रकार मोजकेच. बटणं, रंग, चित्रं एका ठरावीक साच्यातच बसतात. आणि मोठी खोट म्हणजे मोबाइलवरून पान दुरुस्त करणं जिवावर येतं, त्याला कॉम्प्युटर लागतो. म्हणजे शनिवारी रात्रीच्या परीक्षेत ते नापास, असं तुम्ही म्हणाल. इथं एक युक्ती आहे, आणि त्या युक्तीसाठीच मी तुम्हाला गूगल साइट्स सांगतोय.

उपासनेच्या वेळा पानावर टाइप करूच नका. एक गूगल कॅलेंडर काढा, त्याला चर्चचं नाव द्या, ते सार्वजनिक करा, त्यात रविवारची उपासना, रविवारची शाळा, महिला मंडळ, तरुण संघ, प्रभुभोजनाचे रविवार सगळं भरा. मग साइटच्या पानावर ‘इन्सर्ट’मधून ते कॅलेंडर बसवा. पुढे वेळ बदलायची असली की साइटला हातच लावायचा नाही. फोनवर कॅलेंडरचं ॲप उघडायचं, साडेनऊचे आठ करायचे, झालं. साइटवर आपोआप बदलतं. सूचनांचंही तसंच. एक गूगल डॉक काढून पानावर बसवा आणि डॉक ‘लिंक असलेला कोणीही बघू शकेल’ असं ठेवा. दुरुस्त करायची मुभा फक्त तुमच्यापुरती आणि पाळकसाहेबांपुरती. आता शनिवारी रात्रीची परीक्षा दोन मिनिटांत पास, तीही लाइट गेलेली असताना.

एक ठेच आधीच सांगून ठेवतो, कारण ती मला लागलीय. कॅलेंडर नवीन काढा, स्वतःचं रोजचं कॅलेंडर जोडू नका. आमच्या वाचनालयाच्या साइटवर मी हौसेनं माझंच कॅलेंडर सार्वजनिक करून ठेवलं होतं. ‘मंगळवार, सायं. ५, दाढ काढणे’ हे महिनाभर सगळ्या सभासदांनी वाचलं. एकानं तर येऊन विचारलं, काढली का.

वाचनालयाचा विषय निघालाच आहे तर त्यातली खरी गोष्टही सांगतो, कारण सॉफ्टवेअरपेक्षा ती महत्त्वाची. साइट पहिल्यांदा झाली तेव्हा एका उत्साही पोरानं केली. हुशार पोरगं, एक रुपया घेतला नाही. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच कार्डावर. पुढे तो बंगळुरूला गेला, ईमेल बदलला, कार्ड बदललं. नूतनीकरणाची आठवण कुठल्या तरी मेलबॉक्समध्ये पडून राहिली आणि डोमेनची मुदत संपली. दुसऱ्या कुणी तरी ते उचललं. आजही आमच्या जुन्या पावतीपुस्तकावर तो पत्ता छापलेला आहे आणि तिथं ऑनलाइन रमी चालते. पोराचा दोष नव्हता. आम्ही पंधरा कार्यकारिणी सदस्य, एकानंही विचारलं नाही की बाबा, किल्ली कुणाकडे आहे?

तेव्हा साइटचं पहिलं अक्षर टाइप करायच्या आधी चर्चच्या नावानं नवीन जीमेल काढा. सेक्रेटरीच्या नावानं नको, पाळकांच्याही नको, पाळकांची बदली होत असते. साइट, कॅलेंडर, यूट्यूब, डोमेन सगळं त्या एका खात्यावर. दोन टप्प्यांची सुरक्षा लावा. ती लावली की गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं. ते कागदावर छापून, पाकिटात घालून, बाप्तिस्म्याचं रजिस्टर ज्या कपाटात असतं त्या कपाटात ठेवा. उद्या तुमचा फोन चोरीला गेला तरी खातं उघडेल. आणि महिन्यातून एकदा तरी त्यात लॉगिन करा. दोन वर्षं वापर नसलेलं खातं काढून टाकायचा गूगलचा नियम आहे.

डोमेन घेताना मालकाच्या रकान्यात चर्चचं नाव घाला. पहिल्या वर्षाचा भाव ९९ किंवा १९९ दिसला तर भुलू नका, शेजारी बारीक अक्षरात नूतनीकरणाचा भाव असतो, तो वाचा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. जमलं तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. आपोआप पैसे कापण्यावर विसंबू नका, कार्डाची मुदत संपली किंवा बँकेनं मंजुरी मागितली आणि ती दिली गेली नाही, तर ते गुपचूप अडकतं. नाव छोटं ठेवा, फोनवर सांगताना स्पेलिंग सांगावं लागणार नाही असं. ‘डॉट भारत’मध्ये देवनागरी पत्ताही मिळतो, दिसतो झकास, पण टाइप करताना लोक गडबडतात. हौस असेल तर दुसरा म्हणून घ्या. अजून एक बारीक गोष्ट: गूगल साइट्सला डोमेन जोडलं की ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडतं, न लावता कधी कधी उघडत नाही. डोमेन विकणाऱ्याला ‘फॉरवर्डिंग लावून द्या’ म्हणा, त्यांना कळतं.

पाळकसाहेबांचं फेसबुकचं म्हणणं मला अर्धं पटतं. फेसबुक चालू ठेवा. पण ज्याचं खातं नाही त्याला ते पेज नीट दिसत नाही, आणि नाताळच्या वेळा शोधायला कॅरलच्या चाळीस फोटोंखाली उतरावं लागतं. मुंबईहून सुटीला आलेलं कुटुंब तेवढं उतरत नाही, ते गूगल मॅप्स उघडतं. तेव्हा मॅप्सवर चर्चची नोंद आहे का ते आधी बघा. असेल तर तिची मालकी मागा, नसेल तर नवी करा. पडताळणीसाठी बहुधा इमारतीचा व्हिडिओ मागतात, पाटी दिसेल असा काढा. साइट व्हायला महिना लागेल, हे काम मात्र या आठवड्यात उरका.

आणि पेज चालवतं कोण हेही बघा. एकच पोरगं ॲडमिन असेल, तर वाचनालयाची गोष्ट त्याला वाचून दाखवा आणि दुसरा ॲडमिन करून घ्या.

मजकुराकडे येऊ. तुमच्याकडे जुनी वार्तापत्रं, वार्षिक अहवाल श्री-लिपीत टाइप केलेले असणार, मराठवाड्यात डीटीपी म्हणजे तेच. ते उचलून साइटवर चिकटवलंत की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसेल. ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलावं लागतं. बदलणारी साधनं आहेत, पण बदलल्यावर डोळ्यांखालून घाला, तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी करणार नाही. ‘प्रार्थना’चा रफार उडून ‘प्राथना’ होते, ‘ख्रिस्त’ तुटतो, ‘पुनरुत्थान’चं तर विचारू नका. नवीन मजकूर फोनवर बोलून लिहा, मराठी आवाज टायपिंग आता छान चालतं. फॉन्टमध्ये मुक्ता साधा आणि सुबक आहे. आणि वेळा, पत्ता, फोन हे पोस्टरच्या चित्रात अडकवून टाकू नका. सोनेरी घंटा आणि कबुतर असलेलं ते पोस्टर व्हॉट्सॲपला ठीक. साइटवर साधी अक्षरं हवीत, तरच शोधणाऱ्याला सापडतात आणि चाळिशीच्या चष्म्याला मोठी करून वाचता येतात.

पानं चार पुरे. पहिल्यावर नाव, वेळा, नकाशा, पाळकांचा फोन. दुसरं पान दाखल्यांचं, आणि हे मी आग्रहानं सांगतो. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला कुणाला हवा असेल तर काय कागद आणायचे, कोणत्या वारी यायचं, लग्नाची नोटीस किती आधी द्यायची. ख्रिस्ती लग्नं १८७२ च्या कायद्यानं लागतात आणि नोटिशीची भानगड दरवेळी नव्यानं समजावून सांगावी लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पासपोर्टसाठी पुण्याहून दोनदा खेप मारणारा माणूस हे पान वाचून तुम्हाला दुवा देईल. रजिस्टरचे फोटो मात्र टाकू नका, कुणाच्याही जन्मतारखा आणि आईवडिलांची नावं जगाला दाखवायची नसतात.

तिसरं पान इतिहासाचं. इथं हात आखडता घेऊ नका. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तो इतिहास तुमच्या जिल्ह्यातला आहे. तुमच्या मंडळीचा त्याच्याशी काही धागा आहे का, पहिली कुटुंबं कुठून आली, घंटा कुणी दिली, दुष्काळात चर्चच्या विहिरीवर कोण कोण पाणी भरायला यायचं, हे सांगणारी चार म्हातारी माणसं आज आहेत. रविवारच्या शाळेतल्या मोठ्या पोरांना फोन घेऊन त्यांच्याकडे पाठवा. गाणी टाकायची तर ना. वा. टिळकांची बेलाशक टाका. ते १९१९ साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण आजच्या गीतपुस्तकाची पानं स्कॅन करून टाकू नका, आणि सध्या वापरात असलेल्या भाषांतराचं अख्खं बायबलही नाही. पंडिता रमाबाई १९२२ साली गेल्या, त्यांच्या भाषांतराला ती अडचण नाही. उपदेशांचे व्हिडिओ यूट्यूबवर चढवा आणि साइटवर फक्त जोडा.

चौथं पान दानाचं, म्हणजे तुमचा अमेरिकेचा प्रश्न. यात चूक झाली तर साइट बिघडणार नाही, चर्च अडचणीत येईल, म्हणून सावकाश वाचा. परदेशी माणसाकडून दान घ्यायचं तर विदेशी अंशदान कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच उतरवता येतो. तुमच्या गावच्या बँकेतल्या खात्यात नाही. त्यामुळे परदेशी कार्ड चालणारं ‘दान करा’ बटण साइटवर लावू नका, एजन्सी फुकट देते म्हणाली तरी नको. त्या मुलीचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि ती आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गानं पाठवत असेल, तर ते विदेशी अंशदानात धरत नाहीत. तिनं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग ती अंबडला जन्मलेली असो की घनसावंगीला. तिला आधी हे विचारा आणि तुमच्या सीएला दाखवा. तोवर तिला सांगा, सुटीला आलीस की भेट, कॅरलला ये, दानाचं बघू.

गावातल्या आणि पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी यूपीआयचा क्यूआर टाकायला हरकत नाही, पण तो ट्रस्टच्या बँक खात्याचा हवा. स्कॅन केल्यावर खजिनदारांचं नाव दिसलं तर तो क्यूआर काढून टाका. माणूस कितीही सज्जन असो, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देताना त्यांनाच त्रास होतो. क्यूआरखाली लिहा: ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसलं तरच पैसे पाठवा.’ करसवलतीचा उल्लेख प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय करू नका.

काय टाकायचं नाही ते थोडक्यात. सभासदांची फोनयादी नको. घरोघरच्या प्रार्थनासभांचे पत्ते नकोत, ते व्हॉट्सॲपच्या आपल्या गटात राहू द्या. प्रार्थनाविनंत्यांत कुणाचं नाव आणि आजार नको. रविवारच्या शाळेच्या पोरांचे फोटो टाकायचे तर आईबापांची लेखी संमती घ्या आणि फोटोखाली नावं लिहू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलंय. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

एजन्सीवाल्याला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नका. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या कोटेशनमध्ये सरकते फोटो, एसईओ (गूगलच्या शोधात साइट वर आणायची खटपट) वगैरे असणार. शंभर खोल्यांच्या लॉजला त्याचा उपयोग आहे. तुम्हाला मदत हवीच असेल तर गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या पोराला दोन दिवस बसवा, हजार-दोन हजार द्या, आणि तो करत असताना माउस तुमच्या हातात ठेवा. वर्गात तुम्ही पोरांना फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावायच्या, तसंच. ज्यानं खडू धरला त्यालाच गणित येतं.

आणि कॅलेंडर भरताना ३१ डिसेंबरची उपासना जपून भरा. रात्री साडेदहाला सुरू होऊन बारानंतर संपते, त्यामुळे ‘शेवट’च्या रकान्यात तारीख १ जानेवारी करावी लागते. ती ३१ च ठेवलीत तर ॲप एक तर कुरकुर करेल, नाहीतर आपल्या मनानं भलतीच वेळ धरेल. भरून झालं की स्वतःच्या फोनवरून नको, खजिनदारांच्या फोनवरून साइट उघडून बघा.